कधीही रिकामा न राहिलेला बाक

हे मी सांगितलं तर तुमच्यापैकी कोणाचाही विश्वास बसणार नाही. लावा पैज. मी तिथे नसतो तर माझा स्वतःचाही बसला नसता.

"झाली गाडी सुरू," माझी लेक म्हणाली. ती सिंकपाशी पाठमोरी उभी राहून दुपारच्या जेवणाची भांडी घासत होती. जावई टेबलाशी बसून दात कोरत होता. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई दर रविवारी आमच्याकडेच जेवतात, त्या माझ्यासमोर बसल्या होत्या.

खरं तर विषय मी काढलाच नव्हता. जावयानं काढला. त्यानं सकाळी पेठेतल्या नव्या चारमजली पार्किंगमध्ये गाडी लावली आणि लिफ्टशेजारच्या भिंतीवर एक पितळी पाटी पाहिली. 'या जागी एकशे सेहेचाळीस वर्षं अखंड प्रार्थना झाली.' घरी येऊन मला विचारतो, "बाबा, हे अखंड म्हणजे आपलं लिहायचं म्हणून लिहितात, की खरंच अखंड?"

त्या जागेवर मठ उभा असताना चाळीस वर्षं त्याचे नळ मी दुरुस्त केले. मला विचारतो!

खरंच अखंड, जावईबापू. घड्याळ बंद पडतं, सरकार पडतं, तापाच्या माणसाचासुद्धा ताप मधूनच उतरतो. तो बाक मात्र एकशे सेहेचाळीस वर्षांत पापणी लवेपर्यंतसुद्धा रिकामा राहिला नाही.

"बारा लाख ऐंशी हजार तास होतात," मास्तरीणबाई म्हणाल्या. बाईंना तोंडी हिशेब येतो, आणि आलेला हिशेब पोटात ठेवता येत नाही.

होत असतील. मठ सिस्टर लोकांचा. आत गेलेली बाई पुन्हा बाहेर यायची नाही, मेल्यावरसुद्धा नाही, कारण दफनाची जागाही आतच, मागच्या भिंतीला लागून. त्यांची शाळा नव्हती, दवाखाना नव्हता. काम एकच. चर्चमध्ये देतात ती कागदासारखी पातळ पांढरी भाकर, तिची एक चकती चांदीच्या चौकटीत काचेआड ठेवलेली असायची. तिच्यापुढे एकीनं गुडघे टेकून बसायचं आणि साऱ्या शहरासाठी प्रार्थना करायची. दिवसरात्र, पाळीपाळीनं.

"शहराला माहीत होतं का पण?" जावयानं विचारलं.

शहराला शेजारचा कोण हे माहीत नसतं, हे कुठलं माहीत असणार?

आता त्यातला नियम ऐका, कारण सगळी गोष्ट त्या नियमावर उभी आहे. पाळी बदलताना येणारीनं आधी शेजारी येऊन गुडघे टेकायचे. मग हळू आवाजात म्हणायचं, "मी आहे." ते ऐकल्यावरच जाणारीनं उठायचं. ते दोन शब्द आले नाहीत तर उठायचं नाही, मग छत कोसळो. त्या बाकाच्या लाकडात गुडघ्यांचे खळगे पडले होते, दोन बसणारीचे, दोन बदलीला येणारीचे. मी एकदा मोजून पाहिलं होतं, एकेका खळग्यात अर्धी वाटी पाणी राहायचं.

"बाकात पाणी कशाला ओतलंत?" लेकीनं मागे न वळता विचारलं.

प्लंबर आहे मी. दुसरं काय ओतणार? आणि तू तो नळ जरा बारीक कर. पाणी फुकट जातंय.

सुरुवातीला सात जणी आल्या, एकाच घोडागाडीतून. त्या दिवसापासून बाक चालू. नदीला मोठा पूर आला, प्रार्थनाघरात पाणी शिरलं. बाकावर जी सिस्टर होती तिच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, हनुवटीला लागलं. बदलीची पोहत आली. शेजारी बुडी मारून गुडघे टेकले, वर येऊन म्हणाली "मी आहे", आणि पुन्हा बुडी मारली.

"काहीतरीच," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मी म्हटलंच होतं, पटणार नाही. दुसरी तर बाकावरच वारली. गुडघ्यांवर, डोकं हातांवर टेकलेलं. बदलीची आली, "मी आहे" म्हणाली, तरी ही उठेना. मग मठात मोठा पेच पडला. मेल्यानंतरचा वेळ धरायचा की नाही? मेलेली बाई प्रार्थनेला बसली असं म्हणायचं की साखळी तुटली असं म्हणायचं? तेव्हाच्या मदरनं, म्हणजे मठाच्या मुख्य सिस्टरनं, तीन दिवस विचार केला आणि निकाल दिला: "गुडघे टेकलेले होते ना? मग धरायचा."

यातलं मी पाहिलेलं काहीच नाही, ऐकलेलं आहे. पाहिलेलं पुढे आहे.

मी पहिल्यांदा त्या मठात गेलो तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि आत एकोणीस जणी होत्या. पुरुषाला आत घ्यायची वेळ आली की एक सिस्टर हातात घंटी घेऊन माझ्या पुढे चालायची. घंटी ऐकली की बाकीच्या दारांआड जायच्या. म्हणजे मी येतोय म्हणून घंटी! पूर्वी महारोग्यापुढे वाजवायचे तशी. मी पाइपाची पिशवी खांद्यावर टाकून मागून चालायचो आणि दोन्ही बाजूंना दारं लागल्याचे आवाज, टप टप टप. बावीस वर्षं मी कोणाचं तोंड पाहिलं नाही. पण कोण कशी आहे ते मला ठाऊक होतं. माणूस नळ कसा बंद करतो त्यावरून माणूस कळतो. एक होती, ती नळ असा आवळायची की दर महिन्याला वॉशर फाटायचा. रागीट. एक अर्धवट बंद करायची. ती प्रेमात पडून आलेली असणार.

"तुमच्या लेकीसारखी," जावई म्हणाला.

"बाबांनीच तुमच्या गळ्यात बांधलंय मला," लेक म्हणाली. "सहन करा."

घंटी वाजवणारी सिस्टर म्हणजे धाकटी. एकोणिसाव्या वर्षी आत आली, सगळ्यांत शेवटी आली, म्हणून धाकटी. तिच्यानंतर एक पोरगी आली होती, पण ती तीनच दिवस टिकली. भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट होतं, तोंड न दाखवता आतबाहेर वस्तू देण्यासाठी. भाजी ठेवायची, फिरवायचं, भाजी आत. चौथ्या दिवशी पहाटे ती पोरगी त्या कपाटात बसली आणि स्वतःला फिरवून बाहेर निघून गेली. त्यानंतर कोणीच आलं नाही. त्यामुळे धाकटी पन्नाशीला धाकटी, साठीला धाकटी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पाठीत वाकली तरी धाकटीच.

दुसरी भट्टीवाली. त्या पांढऱ्या चकत्या मठातच भाजायच्या, लोखंडी साच्यात. साऱ्या शहरातल्या चर्चना इथून जायच्या. भट्टीवालीचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे, ते धुतले तरी पांढरेच. पुढे कारखान्याच्या चकत्या स्वस्त मिळायला लागल्या तेव्हा चर्चनी यांच्याकडून घेणं बंद केलं. भट्टीवाली तरी दर मंगळवारी साचा तापवायची. "कोणासाठी?" मी विचारलं. "चिमण्यांसाठी," म्हणाली. आणि खरंच, अख्ख्या शहरात एवढ्या धार्मिक चिमण्या कुठे नव्हत्या.

मास्तरीणबाई हसल्या. मीही हसलो. हसण्यासारखं तेवढंच होतं.

कारण एकोणीसच्या बारा झाल्या, बाराच्या नऊ. दर दोन वर्षांनी मागच्या भिंतीशी एक क्रूस वाढायचा आणि बाकावरची पाळी लांबायची. चौघी उरल्या तेव्हा एकेकीला दिवसाचे सहा तास. दोघी उरल्या तेव्हा बारा-बारा.

"बरोबर," मास्तरीणबाई म्हणाल्या.

हिशेब बरोबर असेल बाई, पण गुडघे सत्तरीचे होते. शेजारी मॉल झाला, त्याच्या एसीचं पाणी यांच्या छपरावर ठिबकायचं. मी तक्रार करायला गेलो तर मॅनेजर म्हणतो, "तिथे कोण राहतं का?" साऱ्या शहरासाठी प्रार्थना, आणि शहर विचारतंय, तिथे कोण राहतं का.

शेवटी शेवटी धाकटी घंटी वाजवत माझ्या पुढे चालायची तेव्हा दारांआड जायला कोणी उरलंच नव्हतं. दुसरी एकच, तीही बाकावर. मी म्हटलं, "सिस्टर, घंटी कोणासाठी वाजवताय?"

"नियम आहे, दादा."

"पण ऐकायला कोण आहे?"

ती थांबली. म्हणाली, "ते तर प्रार्थनेचंही आहे. एकोणसाठ वर्षं हाक मारतेय. तिकडून कोणी अजून 'मी आहे' म्हटलेलं नाही." आणि पुन्हा घंटी वाजवत चालू लागली.

मी म्हटलं, "वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलायला हवा."

मग भट्टीवालीचं खुब्याचं हाड मोडलं. धाकटीनं मला बोलावलं आणि आम्ही दोघांनी मिळून तिचा पलंग ढकलत प्रार्थनाघरात नेला. आता झोपून केलेली पाळी धरायची की नाही? मदर तर केव्हाच गेली होती, निकाल द्यायला कोणी नव्हतं. "मेलेली धरली," धाकटी म्हणाली, "तर मोडलेली का नाही?" भट्टीवाली पलंगावरून बघत राहायची, तेवढ्यात धाकटी खाली फरशीवर चार तास झोपून घ्यायची. असे चौदा महिने काढले दोघींनी.

मग त्यांच्या मोठ्या मठाकडून पत्र आलं. जागा विकली आहे. अमुक शुक्रवारी अकरा वाजता फादर येतील, चकती चौकटीतून काढतील, विधी होईल आणि मठ रीतसर बंद होईल. धाकटीनं ते पत्र मला दाखवलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "दादा, बंद होणं आणि तुटणं यात फरक आहे. फादर येईपर्यंत बाक चालू राहिला तर आमचं काम पुरं झालं. त्याआधी एक क्षणही रिकामा राहिला, तर तुटलं. मग त्या एक्याण्णव जणींना मी काय सांगू?" मागच्या भिंतीशी तेव्हा एक्याण्णव क्रूस होते. भट्टीवाली ब्याण्णवावी, ही त्र्याण्णवावी. सात जणींनी चालू केलेलं काम हिच्या एकटीच्या गुडघ्यांवर येऊन थांबलं होतं.

आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. त्या शुक्रवारच्या आदल्या बुधवारी भट्टीवालीला धाप लागली. ॲम्ब्युलन्स आली, तिला घेऊन गेली. बुधवारी दुपारपासून धाकटी एकटी. रात्रभर बाकावर. डुलकी आली की कपाळ समोरच्या लाकडावर आपटायचं, आपटलं की जाग. गुरुवारी मी गेलो तेव्हा कपाळाला ही एवढी सूज होती.

"कुठल्या गुरुवारी?" लेकीनं विचारलं.

गुरुवार म्हणजे गुरुवार. तीन वर्षं झाली त्याला.

"मला त्या वर्षी गुरुवारची सुट्टी असायची," ती म्हणाली. कोणाला उद्देशून म्हणाली नाही. भांडी घासत राहिली.

तर मी गेलो होतो पाण्याची जोडणी तोडायला. आतला फोन वाजला, मीच उचलला, कारण ती उठू शकत नव्हती. हॉस्पिटलमधून नर्स बोलत होती. तुमच्या सिस्टरचं काही खरं नाही, संध्याकाळ निघणार नाही, आणि त्या सारखं एकच विचारतायत, धाकटी कुठे आहे.

मी प्रार्थनाघराच्या दारातून सांगितलं. धाकटीची पाठ हलली नाही. मग म्हणाली, "मोठ्या मठाला विचारा." मी फोन लावला. तिकडची बाई चांगली होती हो, वाईट नव्हती. म्हणाली, "सिस्टरांना जाऊ द्या. एका दिवसानं काय होतंय? देव समजून घेईल."

मी तसं येऊन सांगितलं. धाकटी म्हणाली, "देव घेईल. भट्टीवाली नाही घेणार."

आणि मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "दादा, तुम्ही बसाल?"

मी? माझा आणि देवाचा संबंध त्याच्या घरच्या नळांपुरता! मी म्हटलं, "सिस्टर, माझा या सगळ्यावर विश्वास नाही."

"विश्वास नकोय. गुडघे हवेत."

आता गुडघे म्हणाल तर प्लंबरइतके टेकलेले गुडघे पोपचेही नसतील. जन्मभर लोकांच्या मोऱ्यांपुढे टेकलेत. मी हात धुतले. तिनं सांगितलं, फोन आत नको. मी तो फिरत्या कपाटात ठेवला आणि कपाट फिरवलं. तिच्या शेजारी जाऊन गुडघे टेकले. त्या खळग्यांत गुडघे असे बसले, जसे एल्बोच्या जोडात पाइपाचे आटे बसतात. मी म्हटलं, "मी आहे."

ती तरी उठेना. मला वाटलं मी चुकीचं म्हटलं. मग कळलं, तिला उठताच येत नव्हतं. बाकाला धरून, भिंतीला धरून उभी राहिली. दारापाशी जाऊन वळली. "दादा, मी येईपर्यंत."

"तुम्ही येईपर्यंत," मी म्हटलं.

एकोणसाठ वर्षांनी बाहेर पडत होती ती. मला बाकावरून फक्त आवाज येत होते. टॅक्सीवाला म्हणाला, "मावशी, दार ओढा. ओढा, ढकलू नका." मग दार लागलं. तेव्हा दोन वाजले होते.

"आणि तुम्ही बसलात?" जावयानं विचारलं. "नुसते?"

नुसता. पहिली दहा मिनिटं जीव नको झाला. अहो, तिथे काहीच नसतं. एक चकती, एक मेणबत्ती. बाकी शांतता, आणि ती शांतता तुमच्याकडे बघत असते. अडीचच्या सुमाराला माझा फोन कपाटात वाजायला लागला. लाकडी कपाट ते, घुमत होता नुसता. अकरा रिंग वाजल्या. मी मोजल्या. पण हललो नाही.

सिंकचा नळ बंद झाला. मी सांगितलं नव्हतं.

आणि फोन थांबला तसं मागून पाऊल वाजलं. विश्वास ठेवू नका हवं तर. मागच्या भिंतीकडचं दार उघडलं आणि एक म्हातारी सिस्टर आत आली, जुन्या पद्धतीचा झगा, त्याला घोड्याचा वास. माझ्या शेजारी गुडघे टेकले, म्हणाली, "मी आहे." तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे एक, तिच्या झग्यातून पाणी निथळत होतं, पुरातली ती. एक तर डोळे मिटूनच आली, बाकावर वारलेली. सगळ्या एकेक करून, "मी आहे", "मी आहे", भरलं प्रार्थनाघर. एक्याण्णव जणी, आणि मधे मी, खिशात पाना.

"ब्याण्णव हव्यात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "नाही, थांबा. भट्टीवाली हॉस्पिटलात होती."

तेच सांगतोय बाई. ब्याण्णवावी सव्वातीनला आली. हात कोपरापर्यंत पांढरे. मी ओळखलं. म्हणाली, "मी आहे," आणि माझ्याकडे बघून हसली.

मास्तरीणबाईंनी पदरानं चष्मा पुसला.

साडेचारला धाकटी परत आली. मी तिथेच. माझा शर्ट ओलाचिंब, पँटही गुडघ्यांपर्यंत भिजलेली. ती म्हणाली, "दादा, हे काय?" मी म्हटलं, "घाम आहे. सवय नाही ना मला." तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुरुषाला हात लावला असेल तो एकोणसाठ वर्षांत पहिलाच. मग शेजारी गुडघे टेकून तिनं मला हॉस्पिटलचं सांगितलं. ते दोन शब्द म्हणायच्या आधीच, बाकावर बसून बोलली.

भट्टीवालीनं हिला खोलीत पाहिलं तेव्हा आधी रागावलीच. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओढून काढला. "तू इथे? मग तिथे कोण आहे?"

"प्लंबरदादा आहे," धाकटी म्हणाली.

भट्टीवाली बघत राहिली. मग हसली. "मग गळायचं नाही," म्हणाली. ते तिचे शेवटचे शब्द. सव्वातीनला गेली.

"मी आहे," धाकटी मला म्हणाली. आणि मी उठलो.

"मग शुक्रवारी?" जावयानं विचारलं. त्याची काडी केव्हाच खाली पडली होती.

शुक्रवारी अकराला फादर आले, मोठ्या मठाची बाई आली, कागद घेऊन दोन माणसं आली. मी मीटर काढून दारापाशी उभा होतो. फादरनी चकती चौकटीतून काढली, मेणबत्ती विझवली, म्हणाले, "सिस्टर, झालं." धाकटी उठेना. सगळे थांबले. फादर पुन्हा म्हणाले, "सिस्टर, आता उठायला हरकत नाही." ती बाकावरच. मग माझ्या ध्यानात आलं. शेजारी येऊन कोणी 'मी आहे' म्हटल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं. तिनं दाराकडे पाहिलं, माझ्याकडे. दोन शब्द म्हणायचे होते फक्त. माझा घसा बसला होता. भिजल्यामुळे म्हणा, कशामुळे म्हणा, आवाजच फुटेना. मग त्या कागदवाल्या दोघांनी तिला काखेत हात घालून उचललं. पाय तसेच दुमडलेले, बाकावर असल्यासारखे.

पुढच्या आठवड्यात बुलडोझर आला. क्रूस, हाडं, सगळं पेटीत भरून दुसरीकडे नेलं. बाक कोणी नेला माहीत नाही. जळाऊ लाकडात गेला असेल.

धाकटी आता दुसऱ्या शहरात आहे, म्हाताऱ्यांच्या आश्रमात. मी एकदा भेटायला गेलो होतो. मोठ्या खोलीत टीव्ही चालू, समोर वीस खुर्च्या. एका खुर्चीत ती. कोणी जवळून गेलं की मान वर करून म्हणते, "मी आहे." नर्स म्हणते, "हो आजी, माहितेय." मला तिनं ओळखलं. सगळ्यांना सांगत होती, हेच ते दादा, हेच बसले होते. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "दादा, तिकडून काही उत्तर आलं नाही हं. शेवटपर्यंत नाही आलं. येणारही नाही आता. पण तेवढं एक माझ्या हातून तुटलं नाही. तेवढ्यावर निजते मी."

म्हणून म्हणतो जावईबापू, ती पाटी खरी आहे. अक्षरन् अक्षर. त्या गुरुवारी दुपारी दोन ते साडेचार त्या बाकावर मी होतो, आणि मी एक क्षण...

"बाबा."

लेक वळली होती. हात ओले, कोपरापर्यंत फेस. पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"बाबा, तो घाम नव्हता. त्या गुरुवारी या सिंकखालचा पाइप फुटला होता. घरभर पाणी झालं म्हणून अडीचला मीच तुम्हाला फोन केला. अकरा रिंग नाही वाजल्या. दुसऱ्या रिंगला उचललात. पावणेतीनला तुम्ही इथे होता, या फरशीवर, गुडघ्यांवर, आणि चार वाजेपर्यंत इथेच होता. कपडे बदलून जा म्हटलं तर थांबलासुद्धा नाहीत. मला एका शब्दानं बोलला नाहीत." तिनं ओल्या हातानं टेबलाची कड धरली. "मग तिथे कोण होतं, बाबा?"